पिता, पुत्र, पवित्र आत्मा : त्रैक्याच्या सिद्धांताची ओळख

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज गावी झाला. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने झाला, हे वेगळे सांगायला नको. पण पुढच्या दोन वर्षांत या तीन नावांवरूनच रमाबाई आणि त्यांचे इंग्रज पाठीराखे यांच्यात पत्रोपत्री चांगलीच जुंपली. अनेक देवांच्या परंपरेतून निघून, ब्राह्मो समाज आणि प्रार्थना समाज यांच्या एकेश्वरी विचाराशी परिचय करून घेत रमाबाई इथवर आल्या होत्या. एका देवापाशी पोहोचलो म्हणावे, तो इथे पुन्हा तीन! चर्च सांगते एवढ्यावर मानणार नाही, बायबलात काय आहे ते वाचून ठरवीन, असा त्यांचा पवित्रा होता. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांना त्यात अहंकार दिसला. चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील यांनी मात्र धीराने, मुद्द्याला मुद्दा देत उत्तरे लिहिली. हा पत्रव्यवहार पुढे प्रसिद्ध झाला आहे आणि मराठी वाचकाने तो मुद्दाम मिळवून वाचावा असा आहे.

मला त्यात रमाबाईंचीच बाजू सरस वाटते. त्यांनी काढलेला निष्कर्ष बरोबर होता की चूक, हा पुढचा भाग. पण प्रश्न त्यांनी योग्य जागी विचारला होता. ‘हे गूढ आहे, श्रद्धेने स्वीकारा’ हे उत्तर ज्यांनी हा सिद्धांत घडवला त्यांनीही आरंभीच दिले नव्हते. त्यांनी तीन-साडेतीनशे वर्षे वाद घातला, एकमेकांना हद्दपार केले, शब्द घेतले, टाकले, पुन्हा घेतले. ‘गूढ’ हा त्या वादाचा शेवट होता. शेवटापासून सुरुवात केली की ऐकणाऱ्याला वाटते, आपल्याला गप्प बसवले जात आहे. या पुस्तकाने म्हणूनच उलटी वाट धरली आहे. आधी अडचण काय होती ते पाहायचे, मग उत्तराकडे वळायचे.

अडचण गणिताची नव्हती, हे सर्वांत आधी सांगितले पाहिजे. एक बरोबर तीन कसे, हे कोडे कुणी तत्त्ववेत्त्याने सोडवायला घेतले आणि त्यातून त्रैक्य निघाले, असे झाले नाही. येशूचे पहिले अनुयायी यहुदी होते. परमेश्वर एकच आहे ही घोषणा यहुदी माणूस सकाळ-संध्याकाळ म्हणत असे. त्याच्या धर्माचा तोच कणा. अशा माणसांनी आपल्याच पिढीतल्या, वधस्तंभावर मारल्या गेलेल्या एका गालीली माणसाचे नाव प्रार्थनेत घ्यायला सुरुवात केली, आणि तरीही आपण एकाच देवाला भजतो हा दावा सोडला नाही. पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेले पहिले पत्र साधारण इ. स. ५५ च्या सुमाराचे. येशूच्या मृत्यूनंतर पंचवीसेक वर्षांनी लिहिलेले. त्याच्या आठव्या अध्यायात पौल मूर्तींना दाखवलेल्या नैवेद्याविषयी बोलतो आहे, विषय अगदी व्यवहारातला आहे. बोलता बोलता तो यहुद्यांच्या त्या रोजच्या घोषणेतले ‘देव’ आणि ‘प्रभू’ हे दोन शब्द वेगळे करतो. एक पित्याला लावतो, दुसरा येशू ख्रिस्ताला. समजावून सांगत बसत नाही. वाचणाऱ्यांना हे नवीन वाटणार नाही, असे धरूनच चालतो.

बाहेरच्या माणसाचीही साक्ष आहे. इ. स. ११२ च्या सुमारास बिथिनिया प्रांताचा रोमन सुभेदार प्लिनी याने सम्राट ट्राजनला विचारणा केली, की या ख्रिस्ती लोकांचे करायचे काय. चौकशीसाठी त्याने दोन दासींचा छळ केला. त्या मंडळीत सेविका म्हणून काम करत होत्या. सगळ्या चौकशीतून हाती काय लागले? तर ही माणसे ठरलेल्या दिवशी पहाटे जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने स्तोत्र गातात. प्लिनीला यात फारसे काही सापडले नाही. आपल्याला मात्र पुष्कळ सापडते. सिद्धांत अजून दोन-अडीचशे वर्षे दूर होता, पण गाणे चालू झाले होते.

या पुस्तकाचे सारे म्हणणे यावर उभे आहे. त्रैक्य आधी उपासनेत आले, विचारात मागाहून आले. आपण जे आधीच करत आहोत ते करताना एकदेववाद मोडतो की काय, ही धास्ती त्या विचारामागे होती.

त्रैक्य हा शब्द बायबलात नाही, हे विरोधक नेहमी सांगतात आणि ते खरे आहे. ग्रीक शब्द अंत्युखियाच्या थिओफिलसकडे इ. स. १८० च्या सुमारास पहिल्यांदा भेटतो, लॅटिन शब्द उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या टर्टुलियनने रुळवला. योहानाच्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात पिता, शब्द आणि आत्मा हे तिघे एक आहेत असे स्पष्ट सांगणारी एक ओळ जुन्या लॅटिन प्रतींत होती. इरॅस्मसने १५१६ मध्ये ग्रीक नवा करार छापला तेव्हा ती ओळ त्याला ग्रीक हस्तलिखितांत मिळाली नाही, म्हणून त्याने गाळली. केवढा गहजब झाला! १५२२ च्या तिसऱ्या आवृत्तीत त्याला ती परत घालावी लागली. आज अभ्यासक ती मागाहून घुसलेली मानतात. सिद्धांताचे समर्थन करताना अजूनही कुणी ही ओळ पुढे केली, तर त्याला नम्रपणे थांबवावे. तिच्यावाचून काही अडत नाही. चौथ्या शतकात ज्यांनी हा वाद लढवला त्यांनी ती वापरलेलीच नाही.

आता आरियसकडे येऊ. हा अलेक्झांड्रियातला धर्मगुरू. उंच, कृश, विरक्त, बोलण्यात गोड, असे त्याचे वर्णन त्याच्या शत्रूंनीच करून ठेवले आहे. चर्चच्या इतिहासात तो खलनायक ठरला. मला तो तसा वाटत नाही. त्याचे म्हणणे सरळ होते. देव एक, अजन्मा, अविभाज्य. पुत्र म्हटला की त्याला उगम आला. उगम आला म्हणजे तो नव्हता अशी अवस्थाही आली. तेव्हा पुत्र कितीही थोर असला, सगळ्या सृष्टीच्या आधीचा असला, तरी तो घडवलेलाच. आरियसने हे विचार पद्यात घातले. त्याच्या बाजूला झुकलेला इतिहासकार फिलोस्टॉर्जियस सांगतो, की खलाशांसाठी, वाटसरूंसाठी आणि दळणाऱ्यांसाठी त्याने गाणी रचली होती. जात्यावर धर्मविचार गायला जाणे आपल्याला नवल वाटायचे कारण नाही. पण ज्याला पाखंडी म्हणून बाजूला काढले, तो जात्यापर्यंत पोहोचला होता हे ध्यानात ठेवावे.

त्याच्याविरुद्ध सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२५ मध्ये नायसियाला, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझ्निकला, बिशपांची परिषद बोलावली. सुमारे तीनशे जण आले. पुत्र हा पित्याशी एकाच तत्त्वाचा आहे, असे तिथे ठरले. त्यासाठी वापरलेला ग्रीक शब्द बायबलातला नव्हता आणि तो ठरावावर सही करणाऱ्यांतल्या अनेकांनाही खुपत होता. डॅन ब्राउनच्या कादंबरीमुळे एक समज जगभर पसरला आहे, की तोवर साधा माणूस मानल्या गेलेल्या येशूला या परिषदेने काठावरच्या मतांनी देव केले. पहिली गोष्ट, साधा माणूस तर आरियसही म्हणत नव्हता. दुसरी, शेवटी सही नाकारली ती दोनच बिशपांनी. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, नायसियाच्या मूळ मतांगीकारात पवित्र आत्म्याविषयी विशेष काही नाहीच. आम्ही पवित्र आत्म्यावरही विश्वास ठेवतो, एवढेच म्हणून तो भाग संपतो. तेव्हा ‘त्रैक्य नायसियाला ठरले’ हे वाक्य अर्धवट आहे.

आणि तिथे काही मिटलेही नाही. उलट नंतरची पंचावन्न वर्षे वारे बहुतेक काळ दुसरीकडूनच वाहत होते. खुद्द कॉन्स्टंटाइनने ३३७ मध्ये मृत्युशय्येवर बाप्तिस्मा घेतला तो निकोमेडियाच्या युसेबियसच्या हातून, म्हणजे आरियसच्या जवळच्या मित्राकडून. नायसियाची बाजू लावून धरणारा अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस पंचेचाळीस वर्षांच्या कारकिर्दीत पाच वेळा हद्दपार झाला. एकूण सतरा वर्षे तो आपल्या शहराबाहेर होता. सम्राटाने जबरदस्तीने त्रैक्य लादले, असे म्हणणाऱ्यांनी या मधल्या सम्राटांचे काय करायचे ते ठरवावे. शेवटी सम्राट थिओडोसियसच्या फर्मानाने नायसियाच्या बाजूला बळ आले, हेही तितकेच खरे. राजसत्तेचा हात दोन्ही बाजूंना लागला आहे.

अथनेशियसचा मुद्दा तर्कापेक्षा तारणाचा होता. ख्रिस्त माणसाला देवाशी जोडतो असे तुम्ही म्हणता ना? मग तो स्वतः अलीकडच्या काठावरचा असेल तर पलीकडे कसा नेणार? बाप्तिस्म्यात तुम्ही पित्याबरोबर त्याचे नाव घेता; निर्मात्याबरोबर निर्मिलेल्याचे नाव कशाला घेता? आरियसपाशी याला समाधानकारक उत्तर नव्हते. देवाची शुद्धता त्याने पुरती राखली, पण ती राखताना देव इतका दूर नेला की येशूच्या रूपाने जो भेटला तो देव नव्हताच, असे म्हणायची पाळी आली.

पवित्र आत्म्याचा प्रश्न सुटला तो कपदुकियात, आणि तो एका प्रार्थनेच्या शेवटावरून पेटला. कैसरियाचा बिशप बॅसिल लोकांबरोबर प्रार्थना करताना स्तुती दोन प्रकारे म्हणत असे. कधी ‘पुत्राद्वारे, पवित्र आत्म्यामध्ये’ पित्याची स्तुती. कधी ‘पुत्रासह, पवित्र आत्म्यासह’. दुसऱ्या प्रकारावर काही जणांनी हरकत घेतली. ‘सह’ म्हटले की तिघे एका ओळीत बसतात! बॅसिलने त्यावर अख्खे पुस्तक लिहिले, ३७५ च्या सुमारास. त्यात तो एकेका अव्ययाची तपासणी करतो, बायबलात कोणते कुणासाठी आले आहे ते दाखवतो आणि शेवटी म्हणतो, की दोन्ही रूढ आहेत आणि दोन्ही लागतात. देव आपल्याकडे कसा येतो हे पहिले सांगते. तो स्वतःच्या ठायी कसा आहे हे दुसरे सांगते. गंमत म्हणजे या सबंध पुस्तकात बॅसिल पवित्र आत्म्याला उघडपणे ‘देव’ म्हणत नाही. त्याचा मित्र, नाझियान्झसचा ग्रेगरी, याला ते सावधपण पटले नव्हते. तो स्वतः ते बेधडक म्हणाला. ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला दुसरी परिषद भरली आणि आत्मा जीवनदाता आहे, पिता आणि पुत्र यांच्यासह त्याची उपासना होते, असे शब्द आले. ‘सह’ जिंकले. ‘देव’ हा शब्द मात्र आत्म्यासाठी तिथेही घातलेला नाही. शहाणपणाची गोष्ट.

त्या काळी कॉन्स्टँटिनोपलच्या बाजारातही हेच चालले होते. बॅसिलचा धाकटा भाऊ, निस्साचा ग्रेगरी, वैतागून सांगतो, की मोड मागायला जावे तर दुकानदार जन्मलेला आणि अजन्मा यांवर प्रवचन देतो, पावाचा भाव विचारावा तर पिता श्रेष्ठ आणि पुत्र कनिष्ठ असे ऐकावे लागते, न्हाणीघर तयार आहे का म्हणावे तर पुत्र शून्यातून झाला असे उत्तर येते.

याच ग्रेगरीने रोकडा प्रश्न अंगावर घेतला. पेत्र, याकोब, योहान या तिघांचे मनुष्यत्व एकच, तरी आपण तीन माणसे म्हणतो. मग तीन देव का म्हणायचे नाही? त्याचे उत्तर असे. तीन माणसे तीन कामे करतात. एकाच धंद्यातली असली तरी प्रत्येकाचे काम वेगळे मोजता येते. देवाचे काम असे मोजता येत नाही. जे होते ते पित्याकडून निघते, पुत्रातून येते, आत्म्यात पुरे होते. पण ते एकच काम असते. तिघांमध्ये फरक फक्त नात्याचा. पिता कुणापासून झाला नाही, पुत्र पित्यापासून जन्मला, आत्मा पित्यापासून निघतो. ही नाती काढली तर तिघांना वेगळे ओळखायला दुसरी कोणतीही खूण उरत नाही. ज्ञान, सामर्थ्य, इच्छा, सारे एकच. आज आपण ‘व्यक्ती’ म्हणतो तेव्हा वेगळे मन, वेगळी मर्जी असलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. तो अर्थ इथे आणला की तीन देव झालेच म्हणून समजा.

दुसऱ्या बाजूची घसरण अधिक सोपी आहे. रविवारच्या शाळेत मुलांना पाणी, बर्फ आणि वाफ यांचा दाखला सर्रास देतात. तो चर्चने तिसऱ्या शतकातच नाकारलेल्या सबेलियसच्या मताचा आहे: देव एकच, तो आळीपाळीने तीन रूपे घेतो. मग येशू गेथशेमाने बागेत रात्री प्रार्थना करत होता ती कुणाची? स्वतःचीच? दाखला सोपा आहे म्हणून तो देऊ नये. मुलांना अर्धे कळले तरी चालेल, उलटे कळू नये.

मराठी वाचकाच्या मनात मात्र पाण्याच्या आधी त्रिमूर्ती येते, आणि तिला टाळून पुढे जाण्यात अर्थ नाही. घारापुरीच्या लेण्यातले ते भव्य त्रिमुखी शिल्प ‘त्रिमूर्ती’ म्हणून प्रसिद्ध झाले, पण अभ्यासक ते सदाशिवाचे मानतात. ते बाजूला ठेवू. ब्रह्मा, विष्णू, महेश यांच्यात उत्पत्ती, स्थिती, लय अशी कामांची वाटणी आहे. त्रैक्यात तीच मना आहे. पिता निर्माण करतो, पुत्र तारतो, आत्मा पावन करतो असे लोक सुलभीकरणासाठी म्हणतात, पण घट्ट धरले तर ते ग्रेगरीच्या उत्तराच्या विरुद्ध जाते. दत्ताचे प्रकरण अधिक विचार करायला लावणारे आहे. तिथे तिघांचे एकत्व हाच भक्तीचा गाभा आहे, तीन मुखे आणि एक देह. फरक बारीक आहे: अत्री-अनसूयेचा पुत्र दत्त हे स्वतः एक स्वरूप आहे, त्या तिघांचे ऐक्य त्याच्यात येऊन मिळते. त्रैक्यात तिघांच्या मागे किंवा तिघांना सामावणारे असे चौथे काहीही नाही. पिता, पुत्र, आत्मा यांना बाजूला सारून ‘खरा देव’ शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही, असे सिद्धांत म्हणतो. दत्तसंप्रदायात हे उणे आहे असा याचा अर्थ नाही. तिथला प्रश्नच निराळा.

भारतीय विचारातून सर्वांत गंभीर प्रयत्न झाला तो ‘सच्चिदानंद’ या मार्गाने. केशवचंद्र सेन यांनी १८८२ मध्ये कलकत्त्याच्या व्याख्यानात त्रैक्याशी त्याची सांगड घातली, आणि ब्रह्मबांधव उपाध्याय यांनी १८९८ मध्ये त्यावर संस्कृत स्तोत्र रचले. ते आजही भारतातल्या कॅथलिक उपासनेत गायले जाते. सत् म्हणजे पिता, चित् म्हणजे त्याचे स्वतःविषयीचे ज्ञान, अर्थात पुत्र, आनंद म्हणजे आत्मा. ऑगस्टिनने आपल्या पंधरा भागांच्या ग्रंथात मनुष्याच्या स्मृती, बुद्धी आणि इच्छा यांत त्रैक्याची छाया शोधली होती. उपाध्याय त्याच्या बरेच जवळ येतात. कल्पना देखणी आहे. माझी शंका एवढीच, की एका चैतन्याच्या आत डोकावून सुरुवात केली की नासरेथचा येशू हळूच बाहेर राहतो, आणि सारी भानगड तर त्याच्यामुळे सुरू झाली होती. त्या मानाने आपला फादर थॉमस स्टीफन्स साधा. जन्माने इंग्रज, १५७९ मध्ये गोव्यात आलेला. १६१६ मध्ये राचोलला छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’च्या आरंभी तो मराठी ओवीत नमन करतो, पुराणाच्या रीतीने. समजावत नाही, गातो. प्लिनीच्या माणसांचा क्रम त्याने बरोबर पाळला.

पूर्वेकडची आणि पश्चिमेकडची चर्चे ‘आत्मा पित्यापासून निघतो’ यात ‘आणि पुत्रापासून’ हे शब्द घालावेत की नाही यावरून भांडली, आणि १०५४ च्या फुटीत त्या भांडणाचा मोठा वाटा आहे. त्यावर एक छोटे प्रकरण आहे. घाई असेल तर गाळले तरी चालेल.

गाळू नये ते विरोधकांचे प्रकरण. जेरुसलेमच्या डोम ऑफ द रॉकवर ६९१-९२ मधला अरबी लेख आहे. ‘तीन म्हणू नका’ असे तो ख्रिस्ती लोकांना उद्देशून सांगतो. १५५३ मध्ये मायकेल सर्व्हेटस याला त्रैक्य नाकारल्याबद्दल जिनिव्हात जिवंत जाळले, आणि ते प्रॉटेस्टंटांनी जाळले. राममोहन राय यांनी १८२० नंतर श्रीरामपूरच्या जोशुआ मार्शमनशी दीर्घ वाद घातला. राय यांच्या सहवासात विल्यम अ‍ॅडम हा बाप्टिस्ट मिशनरी त्रैक्यच सोडून बसला. या सगळ्यांचा आक्षेप एकच नाही, म्हणून प्रत्येकाला वेगळी पाने दिली आहेत.

वाचताना एक क्रम मात्र मोडू नये. दुसऱ्या प्रकरणात आरियसची बाजू त्याच्या उरलेल्या पत्रांच्या आधारे मांडली आहे. त्याच्या पद्यातले जे हाती आहे ते बहुतेक अथनेशियसने खोडण्यासाठी उतरवून घेतलेले, म्हणून ते जपून वापरले आहे. अथनेशियसची बाजू तिसऱ्या प्रकरणात येते. आरियसचे म्हणणे पटेपर्यंत तिसरे प्रकरण उघडू नका.